पवनची बॉडी

मित्रांनो, मी एक बॉडी आहे. घाबरू नका. गॅरेजात गाडीच्या वरच्या अंगाला बॉडी म्हणतात, आणि मी तसलीच आहे, फायबरची. पण या एका शब्दानं आमच्या घरात काय केलं, ते सांगायचं तर अगदी सुरुवातीपासूनच सांगावं लागेल.

माझा जन्म मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा. शहर मागे पडून लालबर्‍याचा रस्ता सुरू होतो, तिथल्या वस्तीत शेवटच्या घरामागे टिनाची एक शेड आहे. त्या शेडमध्ये पवननं मला घडवलं. पवन नागपूरला फायबरच्या कारखान्यात काम शिकला होता. तलावातल्या बोटी, बागेतल्या घसरगुंड्या, तोंड उघडून बसलेले कचरापेटीचे ससे, असलं सगळं तो करायचा. लग्नानंतर तो गावी परतला. आई तुळसाबाई, बायको गीता आणि तो, एवढंच घर. पुढच्या खोलीत गीताचं शिलाई मशीन चालायचं आणि मागच्या शेडमध्ये पवनचा ब्रश.

परदेशात शौकीन लोक जुन्या गाड्या कापून, जोडून, नवं इंजिन टाकून पळवतात. त्यांना हॉट रॉड म्हणतात. लांब नाक, उघडी चाकं, दोनच माणसांची बैठक आणि वर छप्पर नाही. पवननं तशी गाडी फक्त मोबाइलवर पाहिली होती. पण ती त्याच्या डोक्यात जी बसली, ती बसलीच. एक भंगारातली जीप त्यानं सांगाड्यासाठी आणून ठेवली. मग बांबूच्या कामट्या आणि प्लास्टर घेऊन साचा केला, त्याला मेण चोळलं, आत काचेच्या धाग्यांची पांढरी मॅट अंथरली आणि रेझिनमध्ये, म्हणजे वाळून दगड होणाऱ्या चिकट रसात, बुडवलेल्या ब्रशनं ती भिजवत गेला. कोरडी मॅट कापसासारखी पांढरी असते. रेझिन मुरलं की ती पारदर्शक होते, जणू विरघळते. मी अशी थराथरानं जन्मले. मला साच्यातून काढताना साचा फुटला, त्यामुळे माझ्यासारखी दुसरी नाही.

पवनची एक सवय होती. थर वाळला की तो खिशातलं नाणं काढून माझ्या अंगावर सगळीकडे ठोकत फिरायचा. थर एकमेकांना घट्ट धरून असले की आवाज टणक येतो. मध्ये हवा अडकली असली की आवाज बसका येतो. "बोल," असं म्हणत तो ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. त्या घरात सगळ्यात जास्त लक्ष देऊन कुणाचं ऐकलं जात असेल, तर ते माझं.

घरात माझं नावच बॉडी पडलं होतं. "बॉडीवर ऊन येऊन राह्यलं, पडदा टाक." "बॉडीले हात नको लावू, ओली हाय." तुळसाबाईंच्या तोंडी तर तो शब्द नातवंडाच्या नावासारखा बसला होता.

पावसाळ्यातली एक ढगाळ सकाळ होती. पवन माझ्या डाव्या अंगाला, जिथे पुढे दार लटकणार होतं तिथे, आतून आणखी एक थर देत होता. तेवढ्यात फोन आला. बिरसा गावाच्या पुढच्या एका शाळेनं बागेसाठी फायबरची दोन हरणं सांगितली होती, ती त्यांना लगेच हवी होती. पवननं हातातली मॅट कशीबशी चिकटवली, वरून ब्रश फिरवला आणि म्हणाला, "बाकीचं आल्यावर." पिकअपमध्ये हरणं उभी करून बांधली आणि गेला.

संध्याकाळी तिकडच्या जंगलात ढगफुटीसारखा पाऊस झाला. नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, ज्याला इकडे रपटा म्हणतात, पाणी चाललं होतं. पवननं त्या पाण्यात पिकअप घातली. पिकअप दुसर्‍या दिवशी एका झाडाला अडकलेली मिळाली. दोन्ही हरणं तरंगत जाऊन खाली एका धानाच्या शेतात उभी सापडली, जणू चरायलाच आली असावीत. पवन सापडला नाही.

शोध चालला तोवर रोज कुणी ना कुणी दारात येऊन एकच वाक्य बोलायचं. शेवटच्या दिवशी आलेला शिपाई भला माणूस होता. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "माताजी, बॉडी नहीं मिली. मिलेगी तो हम खुद आएंगे."

तुळसाबाई उठल्या, घर ओलांडून मागे आल्या, माझ्यावरचा पडदा ओढून काढला आणि माझ्या कडेवर हात ठेवला.

"काहून नाही मिळाली म्हणते थो?" त्या म्हणाल्या. "बॉडी त इथं हाय."

आणि त्या आत येऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांची जागा तीच झाली.

मित्रांनो, गाडीला माणसं मिरवायची हौस असते. मला मिळालं ते असं. सकाळचा चहा, दुपारची झोप, तांदूळ निवडणं, सगळं त्या माझ्यात बसून करायच्या. शेजारी पवनसाठी थोडी जागा सोडून बसायच्या. वस्तीतल्या बाया शेडवरून जाताना पदर सावरून झपझप पावलं उचलायच्या. गीता मात्र शेडमध्ये पाय ठेवेना. तिचं मशीन चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र काढावं की नाही, यावर नातेवाइकांचं बोलणं व्हायचं, पण तिला विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

आणि मग तो आवाज सुरू झाला.

दिवसभर टिनाची शेड तापायची. ऊन उतरलं की टीन निवायचं, मीही निवायचे. तेव्हा माझ्या डाव्या अंगातून आवाज यायचा. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. नाणं ठोकल्यासारखा.

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा तुळसाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ माझ्या तळाशी पसरले. त्यांनी डाव्या भिंतीला कान लावला आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बोल, बापा."

मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. ती पवननं घाईत लावलेली शेवटची मॅट होती. तिच्या आत हवा राहून गेली होती. ऊन लागलं की ती फुगायची, ऊन उतरलं की बसायची, आणि बसताना माझी कातडी वाजायची. इतकं साधं होतं ते. पण ती हवा त्या सकाळची होती, तो गेला त्या सकाळची. ती माझ्या आत कोंडली होती आणि रोज सांजेला धक्के देत होती. साधं आहे असं मी स्वतःला सांगायचे, आणि सांज होऊ लागली की मलाच धास्ती वाटायची.

पुढचा पावसाळाही येऊन गेला. मी चार विटांवर ठेवलेली होते. आतून आधाराची पट्टी नाही, पाइप नाही, नुसती पातळ कवटी. माझं उजवं अंग हळूहळू खचत गेलं. कोपर्‍यात बारीक तडे पडले. एका सकाळी तुळसाबाई आत बसल्या आणि माझा तळ त्यांच्याखाली फाटला. फाटलेल्या फायबरची कड काचेसारखीच असते. त्यांची पोटरी चिरली.

ओरडणं ऐकून गीता धावत आली. कितीतरी दिवसांनी ती शेडमध्ये आली होती. तिनं सासूला बाहेर काढलं, जखम बांधली, मग माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं त्याला मी राग म्हणेन.

"माय, हे फेकून देतो मी आता."

"फेक," तुळसाबाई म्हणाल्या. "मलेबी फेक तिच्यासंगं."

"उद्या तुमचा पाय तुटन."

"तुटू दे. मी नाही उठत तिथून. त्याले कोन भेटन मंग, संध्याकाळी?"

गीतानं माझी फाटलेली कड बोटांत धरून वाकवली. ती शिवणारी बाई होती. कापड हातात आलं की त्याचा जीव किती, हे तिला कळायचं. ती स्वतःशीच पुटपुटली, "अस्तरच नाही हिले."

त्या रविवारी तिनं हेमराजला बोलावलं. हेमराज पवनचा नागपूरचा सोबती, लालबर्‍याला मूर्ती करायचा. त्यानं मला चहूबाजूंनी पाहिलं आणि मान हलवली.

"भाभी, मी करून देतो. तुमच्यानं नाही होनार."

"तू दाखव. करतो मी," गीता म्हणाली. "मायचा जीव हिच्यात बसते. दुसर्‍याच्या हातचं तिले चालनार नाही."

अशी माझी दुरुस्ती सुरू झाली, आणि ती काही सरळ झाली नाही. गीतानं पहिल्याच दिवशी रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर अंदाजानं ओतला, भाजीत मीठ टाकावं तसा. डबा तिच्या हातात तापू लागला, त्यातून धूर निघाला आणि ब्रश आत उभाच्या उभा दगड झाला. पुढे तिनं माझ्या उजव्या दाराची जागा आखली आणि उत्साहात कापूनही टाकली. कापताक्षणी मी उसवल्यासारखी उघडले. दोन्ही कडा एकमेकींपासून दूर गेल्या आणि कापलेला तुकडा त्या जागेत परत बसेना. आधी आतून आधार बांधायचा आणि मग कापायचं, हे हेमराजनं सांगितलं होतं. तिनं ऐकलंही होतं. पण ऐकलेलं हातात उतरायला वेळ लागतो.

"आता?" तिनं फोनवर विचारलं. तिचा आवाज रडवेला होता.

"आता दोरीनं आवळा. दोन कडा जवळ आल्या का मंग मधून चौकोनी पाइप टाकू. घाबरू नका. मीबी पहिली बोट अशीच फाडलती."

दोरीनं आवळलेली मी कित्येक दिवस तशीच पडून होते. मग चौकोनी पाइपची एक चौकट माझ्या आतल्या कडेनं फिरली. पाइपवर मॅटच्या पट्ट्या आल्या. पट्ट्या कापायला गीताला कुणी शिकवावं लागलं नाही. वळणावर ती चुण्या देऊन मॅट बसवायची, बाहीला देतात तशा. ब्रशनं थापून थापून बुडबुडे काढायची. तळाखाली तिनं लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांवर दोन थर चढवले. ज्या दिवशी ती स्वतः तळावर उभी राहिली आणि मी कुरकुरले नाही, त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की मला हाडं आहेत.

घासण्याचं काम वाईट. फायबरची धूळ अंगात शिरते आणि आग आग होते. एका दुपारी गीता शेडच्या पायरीवर बसून हात खाजवत होती. हात लालबुंद झाले होते. तोवर सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं होतं. तुळसाबाई बाजूला खुर्चीवर बसून सगळं पाहायच्या, टोकायच्या नाहीत, मदतही करायच्या नाहीत. त्या दिवशी त्या उठल्या, बादलीभर थंड पाणी आणलं आणि गीताचे हात त्यात बुडवले.

"खाजवू नको. आत घुसते ते. पवनलेबी अशीच व्हाची आग. मी असंच करत होती."

मग चष्मा लावून, गीताचा हात मांडीवर घेऊन, त्या एकेक काचेचा धागा चिमटीनं काढत बसल्या. त्या दुपारी गीताचं मशीन बंद होतं आणि तिला उठायची घाईही नव्हती.

मग ठोकून पाहायची वेळ आली. हेमराजनं सांगितलं होतं, वरून रंग देण्याआधी सगळी बॉडी नाण्यानं ठोकून बघा, जिथं आवाज बसन तिथं खडूनं खूण करा. गीता पुढच्या नाकापासून ठोकत निघाली. टण, टण, टण. उजवं अंग झालं. मागचं झालं. डाव्या दाराशी ती आली, नाणं ठेवलं, आणि आवाज बसला. थप.

ती थबकली. तिनं शेजारी ठोकलं, वर ठोकलं, खाली ठोकलं. तळहाताएवढी जागा होती. तीच जागा, जिथे रोज सांजेला तुळसाबाई कान लावायच्या. गीताला सगळं एका क्षणात कळलं.

हेमराजनं पाहून सांगितलं, "हे काढा लागन, भाभी. दाराचं बिजागर इथंच येते. वरून कितीबी थर द्या, आत पोकळ हाय तोवर धरनार नाही. दार एक दिवस रस्त्यावर गळून पडन."

"काढलं तर आवाज बंद होईन?"

"कोनता आवाज?"

गीतानं खडूनं त्या जागेभोवती वर्तुळ काढलं.

त्यानंतर ती डाव्या अंगाकडे गेलीच नाही. बाकी सगळं केलं. पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा भरली. राखाडी प्रायमर मारला, तो घासला, उंचवटे सापडले म्हणून पुन्हा मारला. मी तीन बाजूंनी आरशासारखी होत गेले आणि चौथ्या बाजूला खडूचं वर्तुळ तसंच राहिलं. सांज झाली की तुळसाबाई आत बसायच्या, आवाज यायचा, त्या बोलायच्या. आज काय शिजलं, कोण येऊन गेलं, गीतानं पाइप कसा बसवला. गीता बाहेर पायरीवर बसून ऐकायची.

आता जे सांगते ते मला अजूनही समजावता येत नाही. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

तो दिवस पूर्ण ढगाळ होता. सकाळपासून अवकाळी पावसाची झड लागली होती. शेड गार, टीन गार, मी गार. तापायचा प्रश्नच नव्हता. तुळसाबाई ताप आला म्हणून घरात झोपल्या होत्या. गीता एकटी माझ्यात गुडघ्यांवर बसून तळाची कड घासत होती. आणि डाव्या अंगातून आवाज आला.

टक.

गीताचा हात जागेवर थांबला. पाऊस पत्र्यावर पडत होता, तरी तो आवाज स्वच्छ ऐकू आला. टक. पुन्हा. मला माझ्या अंगातली प्रत्येक गोष्ट ठाऊक आहे, मित्रांनो, पण तो आवाज मी केला नव्हता.

गीता सरकत त्या जागेपाशी गेली. कमरेला खोचलेलं नाणं काढलं आणि वर्तुळाच्या मधोमध एकदा ठोकलं. मग वाट पाहिली. आतून काही आलं नाही. आणि तिला एकाएकी इतकं भरून आलं की तिनं कपाळ माझ्या भिंतीवर टेकलं.

"किती दिवस असं कराचं?" ती म्हणाली. "माय तिकडं झिजून राह्यली. मी इकडं. कोनी मले विचारते का तुमी हाय का नाही, त मले सांगता येत नाही. यायचं असन त दारातून या. मी ताट वाढतो. पण असे भिंतीतून ठोकू नका. जायचं असन त जा बाप्पा, पण असं अर्धं अर्धं नका राहू."

पाऊस पडत राहिला. गीतानं डोळे पुसून मान वळवली तेव्हा शेडच्या दारात तुळसाबाई उभ्या होत्या, अंगावर गोधडी, केस विसकटलेले. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"मलेबी ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "घरात."

गीतानं हातातलं नाणं खाली ठेवलं.

"हेमराज का म्हणे? खोलाच लागते?"

"हौ, माय."

तुळसाबाई भिंत धरून म्हणाल्या, "ऊन पडलं का खोल. पण मी असन तवा."

ऊन पडलं. ताप उतरला. गीतानं तोंडाला फडकं बांधलं, सासूच्याही बांधलं आणि ग्राइंडर चालू केला. मला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखत नाही. पण त्या दिवशी मी भ्याले होते. माझ्या आत जे होतं ते काढून घेतल्यावर मी पवनची उरेन की नुसती गाडी होईन, हे मला माहीत नव्हतं.

चकती फिरली, वरचा थर पातळ होत गेला आणि एका क्षणी भोक पडलं. गीतानं ग्राइंडर बंद केला. त्या शांततेत आतली हवा बाहेर आली. फुंकर मारावी तेवढीच.

तुळसाबाईंनी फडकं खाली ओढलं आणि नाक पुढे केलं.

"पावसाचा वास हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीचा."

गीतानंही वास घेतला. तिला काय आला ते तिनं सांगितलं नाही. मग दोघींनी मिळून तो तुकडा उचकटला. आत मॅट पांढरीशुभ्र होती, कोरडी, रेझिन न लागलेली, जशी पवननं पिशवीतून काढून ठेवली होती तशीच. तुळसाबाईंनी तिच्यावरून तळहात फिरवला, बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा. काच टोचली असणार. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"तहानलेलीच राह्यली पोर," त्या म्हणाल्या. "आन ब्रश."

गीतानं डब्यात रेझिन घेतलं, हार्डनर मोजून टाकला, ढवळलं आणि ब्रश सासूच्या हातात दिला. पहिला ब्रश टेकला तिथे पांढरं हळूहळू काळसर झालं, मग पाण्यासारखं, मग दिसेनासं झालं. त्या ब्रश फिरवत गेल्या, गीता थापून बुडबुडे काढत गेली. नव्या मॅटचे थर वर चढले. अंधार पडायच्या आत ती जागा दगडासारखी झाली होती.

त्या सांजेला टीन निवलं. मी निवले. तुळसाबाई आत येऊन बसल्या. आवाज आला नाही.

पुढचे काही दिवस त्या घरावर फार जड गेले. तुळसाबाई जेवेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. गीता मशीनवर बसायची आणि सुईत दोरा ओवून तशीच राहायची. मला वाटायचं, या दोघींनी मिळून एक माणूस दुसर्‍यांदा बुडवला, आणि तो माझ्या अंगात. शेड इतकी गप्प होती की उंदराची पावलं ऐकू यायची. आवाजाची भीती मला ठाऊक होती. तो नसण्याची भीती तेव्हा कळली.

मग एका सकाळी तुळसाबाई चहाचा कप घेऊन शेडमध्ये आल्या. आत बसल्या नाहीत. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "गीता, हा रंग असाच ठेवतं का हिचा? राखेवानी?"

हिवाळ्यात मला रंग लागला, गर्द लाल. तुळसाबाईंनीच निवडला. हेमराजनं जीपचा सांगाडा घासून, इंजिन बसवून तयार ठेवला होता. त्याच्यावर मला चढवलं, बोल्ट आवळले आणि डावं दार बिजागरावर लटकवलं. गीतानं ते उघडलं, सोडून दिलं. ते आपल्या वजनानं मिटलं आणि एकाच फटक्यात बसलं. मदतीला आलेली गॅरेजातली माणसं "वाह भाभी" म्हणाली. वस्तीतली पोरं शेडपर्यंत यायला लागली. मला स्तुती आवडते, मित्रांनो, खोटं कशाला बोलू? पण त्या गर्दीत मी उगाच एक चेहरा शोधायचे. अजूनही शोधते.

आम्ही बिरशाकडे, त्या नाल्यावर निघालो ते तुळसाबाईंच्या सांगण्यावरून. इतक्या दिवसांत त्या तिकडे एकदाही गेल्या नव्हत्या. पवननं गीताला पिकअप चालवायला शिकवली होती, त्यामुळे तीच चालवत होती. सासू शेजारी, कानाला शाल बांधून. हेमराज मोटारसायकलवर मागे, वाटेत काही तुटलं-फुटलं तर असावा म्हणून. बैहरच्या घाटात सागाची पानं गळून रस्त्यावर पडली होती. वार्‍यानं दोघींचे डोळे पाणावत होते.

तो रस्ता लांब आहे. तेवढ्यात तुमच्याकडे एक मागणं मागते. तुमच्याही घरात कुणाचं तरी अर्धं राहिलेलं काम असेल. विणकाम असेल, सायकल असेल, भिंतीवर अर्धवट काढलेलं चित्र असेल. ते करणारं माणूस आता नसेल. अशा वस्तूवर ताडपत्री टाकून तिला कोपर्‍यात ढकलू नका आणि तिची पूजाही करू नका. तिला हात लावा. तुम्हाला येत नसेल, थोडं बिघडेल, बिघडू द्या. आम्हाला बिघडल्याचं दुःख नसतं. आम्हाला कुणी पुरं केलं नाही, याचं असतं. आणि हे काम एकट्यानं करू नका. ज्याला तुमच्याइतकंच दुखतं, त्याला शेजारी बसवा.

नाला आला. रपट्याखाली घोट्याएवढं पाणी होतं, इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजता यावेत. गीतानं मला काठाशी उभं केलं. दोघी उतरल्या. तुळसाबाई चपला काढून पाण्यापर्यंत गेल्या आणि उभ्या राहिल्या. रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत. वाकून त्यांनी पाण्यात हात बुडवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग पदराला पुसला.

पलीकडून म्हशी घेऊन एक माणूस येत होता. माझ्याकडे बघून तो थांबला. अशी गाडी त्यानं कधी पाहिली नसणार. माझ्या लांब नाकाला, उघड्या चाकांना न्याहाळत तो तुळसाबाईंना म्हणाला, "बड़ी अजब गाड़ी है, अम्मा. किसकी है?"

हेमराज मोटारसायकलवरून उतरला, उत्तर द्यायला पुढे झाला. गीतानं हातानं त्याला थांबवलं.

तुळसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पवन गेल्यापासून त्या त्याच्याबद्दल एकदाही 'होता' म्हणाल्या नव्हत्या. पवनले हे आवडते, पवन असं म्हणते, असंच त्या बोलायच्या, आणि त्यांना दुरुस्त करायची कुणाची छाती नव्हती.

"मेरे बेटे की थी," त्या त्या माणसाला म्हणाल्या. मग दार उघडून आत बसल्या, शाल सारखी केली आणि शेजारची रिकामी सीट हातानं झटकून साफ केली.

"अब बहू की है. चाल गीता, म्हशी जाऊ दे आन घे गाडी."